काठ नसलेल्या करंज्या

झाकण पडलं आणि फरशीवर गोल गोल फिरत बराच वेळ वाजत राहिलं. प्रताप नगरातल्या त्या घरात आत्ता कुठे बाळाचा डोळा लागला होता. मिनल श्वास रोखून स्वयंपाकघरात गेली.

ओट्याखाली पाच वर्षांची सोनिका, मांडीवर करंज्यांचा डबा. संध्याकाळी चर्चची मंडळी नाताळची गाणी म्हणत घरी यायची होती, त्यांच्यासाठी मिनलच्या सासूबाईंनी, प्रेमलताबाईंनी, काल दिवसभर खपून केलेल्या. कातण्याने कापलेला तो नागमोडी, खुसखुशीत काठ म्हणजे सासूबाईंचा जीव की प्राण. पोरीने अख्खी करंजी एकही खाल्ली नव्हती. नुसते काठ कुरतडले होते. सगळ्यांचे.

"आजीले सांगू नको वं मम्मी. मी सगळी कामं करते."

आणि केलीही. चपला ओळीने लावल्या. आजीचा वाचायचा चष्मा भांड्यांच्या साबणाने घासला. कुंडीत तर इतकं पाणी ओतलं, की झाडाला पोहायला शिकावं लागलं असतं.

चर्चमधली सजावट आटोपून सासूबाई आल्या. "काय वं, घरात देवदूत उतरला काय आज?" म्हणत त्यांनी डबा उघडला आणि एकेक करंजी उलटून पाहिली.

सोनिका मिनलच्या मागून डोकावली. "पण मी चपला लावल्या ना आजी! चष्मा पण धुतला!"

"आई," मिनल हळूच म्हणाली, "परवा महिला मंडळात तुम्हीच सांगितलं ना, तारण देवाच्या कृपेनं होते, आपल्या कर्मानं नाही?"

"ते तारणाचं बोलली मी. करंज्यांचं कुठं बोलली?"

पण बोलता बोलताच त्यांना हसू फुटलं. त्यांनी पोरीला जवळ ओढलं. "ये इकडे, उंदरे. चपला नसत्या लावल्या तरी माफच केलं असतं तुले."

"खरंच?"

"आता विश्वास ठेवायले पण एखादं काम सांगू काय?"

सोनिकाने जरा विचार केला, विश्वास ठेवला, आणि लगेच एक बिनकाठाची करंजी उचलली.

सासूबाईंनी मात्र पदर खोचला, परात ओढली, मैदा काढला.

"आई, सकाळपासून उभ्या आहात. बाजारातून आणू ना."

"प्रभूच्या माणसांले विकतचं वाढू? वर गेल्यावर त्याले काय तोंड दाखवू मी?"

लाटणं फिरायला लागलं. तोंडभर सारण घेऊन सोनिका मिनलच्या कानाशी आली.

"मम्मी, चपला नाही लावल्या तरी माफ असते, हे आजीले कोणी सांगितलं नाही काय वं?"