झिग्मासचा डावखुरा चमचा

या, बसा मित्रांनो. उठून तुमचं स्वागत करण्याइतका जीव आता माझ्यात उरलेला नाही, तेव्हा पडल्या पडल्याच बोलतो. तुम्ही मला पाहिलंत तर म्हणाल, हे कसलं ध्यान! एक कड पार झिजलेली, दांड्याला भेग, आणि अंगात कोको असा मुरलेला की कितीही घासलं तरी जायचा नाही. लाकडी चमच्याची जात आमची. मरेपर्यंत ढवळायचं आणि भेग पडली की चुलीत जायचं. मी अजून चुलीत गेलो नाही, त्याचीच ही हकिगत आहे.

मला बर्चच्या लाकडातून कोरलं ते रोकिश्किसजवळच्या खेड्यातल्या युओझापासने. म्हातारा हिवाळाभर चुलीपाशी बसून चमचे कोरायचा आणि मार्च उजाडला की पोतं भरून राजधानीला, व्हिल्नियसला, काझ्युकासच्या जत्रेत न्यायचा. तिथे मला झिग्मास भेटला. नुकतंच लग्न झालेला, शेतातले पाण्याचे चर खणायचं यंत्र चालवणारा धिप्पाड गडी. त्याने पोत्यातले दहा-बारा चमचे एकामागून एक डाव्या हातात धरले आणि रिकाम्या हवेत ढवळून पाहिले. युओझापास शेवटी वैतागला. "अरे बाबा, चमचा निवडतोयस की बायको?" झिग्मास म्हणाला, "बायको निवडायला इतका वेळ नव्हता लागला." आणि त्याने मला खिशात घातलं.

शाळेत मास्तरांनी छड्या मारमारून झिग्मासला उजव्या हाताने लिहायला लावलं होतं. पण स्वयंपाकघरात मास्तर नव्हते. तिथे तो खुशाल डावरा होता. खरं म्हणजे स्वयंपाकघरात त्याचं कामच नव्हतं. त्याची बायको अल्दोना उत्तम रांधायची, आणि तिच्या चुलीला कोणी हात लावलेला तिला खपायचा नाही. झिग्मासला फक्त एकच पदार्थ यायचा. त्याचं नाव 'तिंगिनीस', म्हणजे आळशी.

नावावर जाऊ नका मित्रांनो. भट्टी लागत नाही, भाजावं लागत नाही, म्हणून हा आळशी. करणारा आळशी असेल एक वेळ, पण चमच्याचं काय? पातेल्यात लोण्याची वडी वितळवायची, त्यात आटवलेल्या गोड दुधाचा डबा ओतायचा, वरून कोको. आणि मग हात थांबवायचा नाही. जरा थांबलात की तळ लागलाच. त्या घट्ट, चिकट लगद्यात मी फेऱ्यांवर फेऱ्या मारायचो आणि माझी कंबर मोडायची. तिकडे झिग्मास ताटलीत बिस्किटं मोडून ठेवायचा. चुरा नाही करायचा, तुकडेच ठेवायचे. नाहीतर मग कापल्यावर पांढरे ठिपके दिसत नाहीत. गरम कोको बिस्किटांवर ओतला की पुन्हा मला जुंपायचा. सगळं एकत्र झालं की दुधाच्या धुतलेल्या पिशवीत भरायचं, दाबून दाबून गुंडाळी वळायची आणि बाल्कनीत ठेवून द्यायची. आमच्याकडे हिवाळ्यात बाल्कनीसारखा फ्रिज नाही.

एक गोष्ट मात्र त्याने कोणाला शिकवली नाही. कोको विरघळला की तो डाव्या हाताच्या दोन बोटांत मिठाची चिमूट घ्यायचा आणि पातेल्यात सोडायचा. मग माझ्यावरचा कोको चाटून बघायचा, मान हलवायचा आणि मला अल्दोनासमोर धरायचा. "चाट."

"जेवायच्या आधी नको," ती म्हणायची.

अडतीस वर्षं तो विचारत राहिला आणि अडतीस वर्षं ती हेच म्हणत राहिली. बाई रागीट नव्हती हो, पण नियमाची पक्की. उपास म्हणजे उपास, जेवणाची वेळ म्हणजे जेवणाची वेळ. आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी तर विचारूच नका. त्या संध्याकाळी आमच्याकडे 'कूच्योस'चं जेवण असतं. बारा पदार्थ, पण मांस नाही, अंडं नाही, दुधाचा थेंब नाही. खारवलेले मासे, बीट, मशरूम, खसखशीचं पाणी. झिग्मासला त्या बारांतला एकही आवडत नसे. तो आदल्या दिवशीच आळशी करून बाल्कनीत ठेवायचा, टेबलाशी बसून माशाला काटा टोचायचा आणि बाल्कनीच्या दाराकडे बघून उसासे टाकायचा. अल्दोना टेबलाखालून त्याच्या पायावर पाय मारायची. नाताळची सकाळ उजाडली की बनियनवरच बाल्कनीत धाव. इतका मोठा माणूस, पण लाज म्हणून नव्हती.

माझी एक कड झिजली ती याच सुखात. डावखुऱ्या माणसाच्या हातात चमचा ज्या बाजूने पातेल्याला घासतो, नेमकी तीच. उजव्या हाताच्या माणसाने मला धरलं तर मी पातेल्यात आडवाच पडतो. अल्दोनाने एकदा माझ्याने सूप ढवळायला घेतलं आणि म्हणाली, हा चमचा आहे की वल्हं. त्यानंतर तिने मला हात लावला नाही. मला त्याचं वाईट नाही वाटलं. मी झिग्मासचा होतो, एवढं पुरे होतं.

मग झिग्मासला साखर निघाली. पायाची जखम भरेना, तेव्हा दवाखान्यात कळलं. गोड एकदम बंद. डॉक्टरीणबाईंनी अल्दोनाला बाजूला घेऊन सांगितलं, तुमच्याच हातात आहे सगळं. असं तिला सांगायला नको होतं. नियमाच्या पक्क्या बाईला नियम मिळाला की ती जिवाची पर्वा न करता तो पाळते. तिने आटवलेल्या दुधाचे डबे शेजारणीला देऊन टाकले, कोको दिला आणि मला कपाटावर, वाळवलेल्या फुलांच्या पिशव्यांमागे टाकलं. झिग्मासने मला शोधलं. खण उघडले, पुन्हा उघडले. मी वरून बघत होतो. मला हाक मारता आली असती तर! एका महिन्याने त्याने शोधणं सोडलं.

दोन वर्षं अशीच गेली. धूळ बसली, लाकूड सुकलं, दांड्याला भेग पडली. वापराने येणारा थकवा मला माहीत होता, पण नुसतं पडून येणारा थकवा त्याहून वाईट असतो, हे तिथे कळलं.

शेवटच्या हिवाळ्यात झिग्मास अंथरुणाला खिळला. स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून त्याचा पलंग मला वरून दिसायचा. फेब्रुवारीतल्या एका दुपारी तो म्हणाला, "अल्दोने, एक फोड दे ना. पातळशी. मागचं दिसेल इतकी पातळ."

ती उशी नीट करत होती. "डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय? आधी बरा हो. उन्हाळ्यात बघू."

"बरं," तो म्हणाला. वाद घातला नाही. वाद घातला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. मार्चमध्ये, काझ्युकासच्या जत्रेनंतर आठवड्याने, तो गेला.

अल्दोना दफनाच्या दिवशी रडली नाही. लोक म्हणाले, बाई खंबीर. मी कपाटावरून सगळं बघत होतो, म्हणून सांगतो, ती खंबीर नव्हती. रोज संध्याकाळी ती रिकाम्या पलंगाच्या उशाशी बसायची आणि पुटपुटायची, "पातळशीच तर मागितली होती." एवढं एकच वाक्य. उन्हाळा आला नि गेला.

डिसेंबर आला. आमच्याकडे कूच्योसला टेबलावर एक ताटली वर्षभरात गेलेल्या माणसासाठी मांडतात. चोवीस तारखेच्या सकाळी अल्दोनाने टेबलक्लॉथखाली वाळलं गवत पसरलं, झिग्मासच्या जागी ताटली ठेवली, तिच्यावर फरच्या झाडाची डहाळी ठेवली आणि शेजारी मेणबत्ती. आणि मग ती तशीच उभी राहिली. बारा पदार्थ तयार होते. त्यातला तो काय खाणार होता? इतकी वर्षं ज्याने माशाला नुसता काटा टोचला, त्याच्यासाठी आज मासे वाढायचे?

तिने खुर्ची ओढली, वर चढली आणि मला काढलं. अंगावरची धूळ एप्रनला पुसली. मग कोट घालून खाली दुकानात गेली आणि लोणी, दूध, कोको, बिस्किटं घेऊन आली. उपासाच्या दिवशी पिशवीत लोणी! वाटेत कोणी बघू नये म्हणून तिने वरून बिटं ठेवली होती.

पातेलं चुलीवर चढलं. तिने मला उजव्या हातात धरलं आणि मी नेहमीसारखा आडवा पडलो. दोनदा तिने सरळ केलं, दोनदा पडलो. माझा काय दोष, कडच तशी झिजलेली. मग ती थांबली, माझ्या झिजलेल्या बाजूवरून बोट फिरवलं आणि मला डाव्या हातात घेतलं. अवघडलेला हात होता तो. कोपर भलतीकडेच जात होतं, कोको सांडत होता. पण कड बरोबर तळाला लागली. मित्रांनो, जवळजवळ तीन वर्षं सुकलेला मी, भेग पडलेला. गरम लोणी भेगेत शिरलं तेव्हा दुखलं आणि बरंही वाटलं.

मीठ घालायचं असतं हे तिला माहीत होतं. किती, ते माहीत नव्हतं. दोन बोटांत चिमूट घेऊन तिने सोडली. मग बिस्किटं मोडायला घेतली, तीन-चार बिस्किटांचा चुराच झाला. परत पातेल्याशी आली आणि तिला आठवेना, मीठ घातलं की नाही. एरवी माणूस चाखून बघतो. पण तिचा उपास होता. दुधातलं, लोण्यातलं तिला चालणार नव्हतं. ती मला ओठांपर्यंत घेऊन गेली आणि तिथेच थांबली. मग तिने पुन्हा चिमूट घातली. मी ओरडून सांगायला हवं होतं, बाई, घातलंयस! पण चमच्याला कुठून येणार आवाज.

संध्याकाळी पहिला तारा दिसायच्या वेळेला झिग्मासची थोरली बहीण स्तेफा आली. एकाच इमारतीत, तीन मजले खाली राहायची. गुडघे धरत, धापा टाकत वर आली आणि टेबलाकडे बघून दारातच थबकली. झिग्मासच्या ताटलीत फरच्या डहाळीशेजारी आळशीची एक फोड होती. पातळ. तिच्याशेजारी मी, अंगाला कोको तसाच, न धुतलेला.

"अल्दोना, यात लोणी आहे," स्तेफा म्हणाली. "दूध आहे."

"आहे."

"कूच्योसच्या टेबलावर? तू?"

अल्दोना मेणबत्ती लावत होती. तिने काडी विझवली. "ताई, उपास तुमचा आहे, माझा आहे. दोन वर्षं मी त्याला उपाशी ठेवलं. त्याचा उपास मार्चमध्येच सुटला."

स्तेफा म्हणजे जन्मभर चर्चच्या पहिल्या बाकावर बसलेली बाई, तिच्या तोंडून आता काय येतं म्हणून मी धास्तावलो होतो. तिने कोट काढला, खुर्चीत बसली आणि आपल्या पुढ्यातलं माशांचं ताट जरा सरकवलं, भावाच्या ताटलीला जागा व्हावी म्हणून. मग दोघींनी चर्चमधून आणलेली पवित्र पापडी मोडून एकमेकींना दिली आणि बारा पदार्थ एकेक करून चाखले.

कूच्योसचं टेबल आमच्याकडे रात्री आवरत नाहीत. गेलेले येतात आणि जेवून जातात म्हणतात. आता मी रात्रभर त्या ताटलीत होतो, तेव्हा तुम्ही मला विचारणारच. खरं सांगतो. कोणी आलं नाही. फोड होती तशीच राहिली. मी वाट मात्र पाहिली.

सकाळी स्तेफा नाताळच्या प्रार्थनेहून परत आली. उपास संपला होता. अल्दोनाने ती फोड दोघींत अर्धी अर्धी केली. स्तेफाने घास घेतला, चावला आणि डोळे मोठे केले.

"अगं, मीठ किती घातलंस?"

अल्दोनाने चाखलं. खारट. चांगलंच खारट. तिचं तोंड वाकडं झालं, मग ती हसली, आणि हसता हसता एकदम रडायला लागली. मार्चपासूनचं सगळं तेव्हा बाहेर आलं. "एकदा तरी करून द्यायला हवं होतं, ताई. पातळशीच मागितली होती." स्तेफाने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि उरलेला घास, खारट असूनही, खाऊन टाकला.

मग अल्दोनाने मला उचललं. माझ्यावरचा कोको रात्रभरात वाळून कडक झाला होता. तिने मला तोंडाशी नेलं आणि चाटलं. दांड्याकडून टोकाकडे, हळूहळू, डोळे मिटून. अडतीस वर्षं तो तिच्यासमोर मला धरून उभा असायचा, ते मला आठवलं. तिलाही तेच आठवलं असणार, कारण ती म्हणाली, "जेवण झालं रे, झिग्मास."

तेव्हापासून दर शनिवारी ती आळशी करते. डाव्या हाताने. अजून कोको सांडतो, मीठ कधी जास्त तर कधी कमी पडतं. स्तेफा वर येते, नावं ठेवते आणि दोन फोडी खाते. मी थकलोय मित्रांनो, भेग वाढत चाललीय, पुढच्या हिवाळ्यापर्यंत टिकेन असं वाटत नाही. तुमच्याकडे माझं मागणं फार नाही. लाकडी चमचा रात्रभर पाण्यात बुडवून ठेवू नका, तो फुगतो. कधीमधी त्याला तेलाचा हात लावा. आणि तुमच्या स्वयंपाकघरात कोणी कोकोने माखलेला चमचा पुढे करून "चाट" म्हणालं, तर जेवायची वेळ बघू नका. चाटा.