त्रेचाळिसाव्या पानावरचा टाका

जयवंत घाडीला बायको गेल्याचं कळलं ते लायब्ररीच्या काउंटरवर. गेली असं कोणी म्हटलं नाही. शेजारच्या शांतावहिनींचा फोन आला आणि त्या एवढंच म्हणाल्या, "भावजी, घरी या. सावकाश या."

सावकाश या म्हणाल्या, तेव्हाच तो समजला. धुगधुगी असती तर धावत या म्हणाल्या असत्या.

तासाभरापूर्वी सुचित्रानेच त्याला पिटाळलं होतं. सकाळपासून तिची पाठ भरून आली होती. "गॅस असेल," ती म्हणाली. "मी पडते जरा. तुम्ही तेवढं पुस्तक बदलून आणा. रडकं नको हां. दातवालं आणा."

दातवालं म्हणजे व्हॅम्पायरचं. तो गेला. पाठ का दुखते ते विचारत बसला नाही, पुस्तक आणायला गेला. लायब्ररीवाल्या निलेशने नवा गठ्ठा त्याच सकाळी आणला होता. एका पुस्तकाला खाकी कव्हर घालून, आत कोरी चिठ्ठी डकवून त्याने पहिलं नाव लिहिलं, घाडी. पानं एकमेकांना चिकटलेली होती. तेवढ्यात फोन वाजला.

जयवंत लालबागच्या चाळीत परतला तेव्हा ते पुस्तक त्याच्या काखेतच होतं. कोणीतरी ते काढून घेतलं आणि फळीवर ठेवलं. पुढचे तेरा दिवस ते तिथेच होतं.

सुचित्रा साड्यांना फॉल-बिडिंग करायची. खोली नंबर त्रेचाळीसमध्ये खिडकीपाशी तिचं स्टूल होतं आणि भिंतीला मशीन. फॉलची खालची कड मशीनवर, वरची हातानं. लोक मशीनवरच दोन्ही मारून देतात, पण ती म्हणायची, वरची कड हातानंच हवी, नाहीतर निऱ्या धरतात, मोकळ्या पडत नाहीत. अलीकडे तिला सुईचं नेढं दिसत नसे. जयवंत बेस्टच्या वर्कशॉपात फिटर होता. ड्युटीवर निघण्याआधी चार सुया ओवून उशीला टोचून ठेवायच्या, हे त्याचं काम होतं. रिटायर झाला तरी ते काम सुटलं नाही.

दुपारी दोन ते चार मात्र ती शिवणाला हात लावायची नाही. ते तिचे वाचायचे तास. लायब्ररीतले जुने वाचक पुस्तकात आपापली खूण करून ठेवतात, म्हणजे वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी येत नाही. कोणी आकड्याभोवती गोल काढतं, कोणी कोपऱ्यात बरोबरची खूण. परळच्या एक बाई शेवटच्या पानावर टिकली चिकटवत. सुचित्रा टाका घालायची. पान त्रेचाळीस, कारण खोली त्रेचाळीस. खालच्या कोपऱ्यात एकच बारीक टाका, त्या दिवशी ज्या साडीचं काम चालू असेल त्या रंगाचा. निलेशचे वडील होते तेव्हा एकदा ओरडले होते, "अहो बाई, हे पुस्तक आहे, परकर नाही!"

"मग परकरासारखी एकाच छापाची का आणता?" सुचित्रा म्हणाली होती. त्यानंतर ते कधी बोलले नाहीत.

छाप एकच असायचा हे खरं. एक तर चष्मेवाली, साधी, कोणाच्या नजरेत न भरणारी मुलगी. तिला कोणीतरी पार्लरमध्ये नेतं, केस, कपडे, सगळं बदलतं, आणि ऑफिसातला साहेब बघतच राहतो. नाहीतर मग दातवाला. गोरापान, जेवत नाही, उन्हात जात नाही, आणि तीनशे वर्षांचा असून कॉलेजात शिकतो.

"तीनशे वर्षं कॉलेजात?" जयवंत बांगडे साफ करता करता विचारायचा. "एटीकेटी लागली काय त्याला?"

"तुम्हाला नाही कळणार," ती हसून म्हणायची. "तिच्यासाठी थांबलाय तो."

मुलीच्या, प्राचीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी सुचित्रा आयुष्यात पहिल्यांदा पार्लरला गेली. भुवया कोरल्या, केस सरळ करून घेतले. घरी येऊन दारातच उभी राहिली. जयवंतने पेपरातून डोकं वर काढून बघितलं आणि विचारलं, "काय गो, ताप आला काय? तोंड उतरलंय."

ती वळली. ओट्याकडे गेली. कुकर लावताना म्हणाली, "पुस्तकात हीरोच्या हातातला ग्लास पडतो."

त्याला तेव्हा हसू आलं होतं. आता आठवलं की जेवण जात नसे.

तेरावं झालं, नातेवाईक गेले. प्राची सकाळी आठला ऑफिसला जायची, सातला परतायची. जयवंतने फळीवरचं पुस्तक काढलं आणि तिच्या स्टुलावर ठेवलं, कारण तिच्यासाठी आणलेलं होतं. दुपारी घरात बसवेना म्हणून बस पकडून शिवाजी पार्कला गेला आणि कट्ट्यावर बसून राहिला. महिनाभर हेच चाललं. मग निलेशचा निरोप आला, पुस्तक परत द्या. देण्याआधी त्याने सहज त्रेचाळिसावं पान उघडलं. तिथे काही नसणार हे त्याला माहीत होतं. ते नसलेलंच एकदा बघून घ्यायचं होतं.

टाका होता. मोरपंखी रंगाचा.

मोरपंखी साडी घरात एकच होती. प्राचीच्या लग्नाची. सुचित्राने तिच्या फॉलची खालची कड मारली होती, वरची निम्मी हातानं शिवून झाली होती. साडी मशीनवर घडी घालून तशीच पडली होती, सुई तिच्यात टोचलेली आणि सुईला दोरा. जयवंतनेच तो ओवला होता, चांगला हातभर लांब. आता तो थोडा कमी दिसला.

त्याने कोणाला सांगितलं नाही. गावाला घाड्यांचं कामच भुतं उतरवायचं. त्याच्या आजोबांकडे पंचक्रोशीतून माणसं यायची. पण जयवंतला काही उतरवायचं नव्हतं. ते पुस्तक घरीच ठेवून तो निलेशकडे गेला आणि म्हणाला, "दुसरं दे. दातवालं."

निलेशने चष्म्यावरून बघितलं. "काका, तुम्ही वाचणार?"

"का? मला दात नाहीत?"

मग नेमच झाला. सकाळी पुस्तक आणायचं, दीडला स्टुलावर ठेवायचं. दातवाल्यांच्या पुस्तकांत एक कायदा असतो, आत बोलावल्याशिवाय ते घरात येत नाहीत. सुचित्राने कधीतरी सांगितलेलं होतं. म्हणून बाहेर पडताना तो उंबऱ्यात उभा राहून हळूच म्हणायचा, "ये गो. घरात कोण नाही." मग कुलूप लावून जायचा. परत आल्यावर सगळ्यात आधी त्रेचाळिसावं पान. कधी एका दिवसात टाका पडलेला असे, कधी तीन-चार दिवस लागत. जाड पुस्तकाला जास्त. ती पूर्वीही तेवढेच दिवस घ्यायची.

टाका पडला की ते पुस्तक तो शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून स्वतः वाचायचा, ओठ हलवत. ती काय वाचून गेली ते त्याला कळायला हवं होतं. आतल्या चित्रात बेशुद्ध पडलेली बाई आणि तिच्या मानेवर वाकलेला फिकट पोरगा. फिरायला येणारे म्हातारे वाकून बघायचे. त्याला त्याचं काही वाटत नसे.

"भावजी," शांतावहिनी एकदा जिन्यात म्हणाल्या, "भर दुपारी घर बंद करून जाता कुठे रोज? घाड्याच्या पोराला घरात भीती वाटते होय?"

"वाटते," तो म्हणाला. त्याला वाटायची, पण ती उलटीच. दोरा कमी होत होता.

आधी ते त्याच्या लक्षात आलं नाही. हावरेपणाने तो दोन-दोन पुस्तकं ठेवू लागला होता. एका टाक्याला कितीसा दोरा लागणार, बोटाच्या पेराएवढा. पण हातभराचा वीतभर झाला आणि वीतभराची चार बोटं राहिली. दुसरा दोरा ओवावा, तर सुई साडीतून काढावी लागणार. तिने टोचलेली सुई आपण काढली तर ती पुन्हा येईल की नाही, कोणाला विचारणार? त्याने सुईला हात लावला नाही.

गणपती होऊन गेल्यावर प्राची एका रविवारी त्याच्यासमोर येऊन बसली.

"पप्पा, वैभवच्या घरचे विचारतायत. वर्षाच्या आत झालं तर झालं, नाहीतर तीन वर्षं थांबा म्हणतात."

"थांबू मग."

"तुम्ही थांबाल. मी?" ती म्हणाली. मग तिने साडीकडे हात केला. "निदान ही तरी देऊ या. दादरला रानडे रोडवर एका दिवसात फॉल लावून देतात."

"हात लावायचा नाही तिला!"

एवढ्या मोठ्याने तो घरात कधी बोलला नव्हता. प्राचीने हात मागे घेतला. "आई असती ना," ती म्हणाली, "तर आतापर्यंत लावून झाला असता." आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिली.

चार बोटं दोरा म्हणजे फार तर तीन पुस्तकं. त्यापुढे काय, याचा विचार जयवंत आठवडाभर करत होता. आतापर्यंत त्याने एकवीस पुस्तकं वाचली होती. त्या सगळ्यांत शेवट जवळ आला की एकच गोष्ट घडते. जिवंत असलेला माणूस आपणहून मान पुढे करतो आणि म्हणतो, मला तुझ्यासारखं कर, मला इथे ठेवू नकोस. जयवंतला आधी तो मूर्खपणा वाटायचा. आता वाटेना. प्राची लग्न करून ठाण्याला जाणार. मग या खोलीत सुई ओवायला सांगणारंही कोणी नाही.

सोमवारी त्याने नवं पुस्तक आणलं. त्रेचाळिसाव्या पानाच्या तळाला, टाका पडतो त्याच्या शेजारी, पेन्सिलने लिहिलं, "मला पण घेऊन चल." अक्षर वाकडं आलं. खोडून पुन्हा लिहावंसं वाटलं, पण लिहिलं नाही. नवा शर्ट घातला, दाढी केली. उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "ये गो. आज लवकर येतो मी."

कट्ट्यावर त्याने बरोबर नेलेलं जुनं पुस्तक उघडलंच नाही. नेटमध्ये पोरं बॅटिंग करत होती ते बघत बसला. वर्कशॉपातल्या कुलपाची एक किल्ली अजून आपल्याकडेच राहिली आहे, असलं काहीतरी डोक्यात येत होतं. चारला उठून घरी आला.

पान उघडलं. त्याची ओळ तशीच होती. टाका नव्हता. सुईने आत-बाहेर केल्याची दोन भोकं होती, म्हणजे टाका घालून उसवला होता. सुचित्राला काम आवडलं नाही की ती असंच करायची. काही न बोलता उसवून टाकायची.

मग त्याने साडीकडे बघितलं. फॉलची वरची कड सकाळी होती तिथे नव्हती. दोन बोटं पुढे गेली होती. टाके इतके बारीक की बोट फिरवलं तरच कळावेत. तेवढ्यात दोरा संपला होता. शेवटाला गाठ मारली होती, आणि पुढचा टाका जिथे पडायचा नेमकी तिथे सुई टोचून ठेवली होती. रिकामी.

तो स्टुलावर बसला. या स्टुलावर तो कधी बसला नव्हता. ती रागावली आहे की काय, हे त्याला आधी कळेना. मग कळलं. रिकामी सुई ती त्याच्याकडेच द्यायची. वळून बघायचीसुद्धा नाही, नुसता हात मागे करायची आणि म्हणायची, "अहो, धरा."

प्राची सातला आली तेव्हा तो तिथेच होता. दिवा लावलेला नव्हता.

"पप्पा, काय झालं?"

"वैभवच्या बाबांना फोन कर," तो म्हणाला. "मार्गशीर्षातली तारीख बघा म्हणावं."

ती बघत राहिली. तिचा हात साडीकडे गेला आणि थांबला. "आणि फॉल?"

"मी लावतो."

"तुम्ही?"

"बत्तीस वर्षं बसगाड्या जोडल्यात मी. एक पट्टी नाही जोडता येणार?"

प्राची हसली आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. तिने त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. तो तिच्या पाठीवर थापटत राहिला.

त्यानंतर पंधरा दिवस तो स्टुलावर पुस्तक ठेवत राहिला. उंबऱ्यात "ये गो" म्हणत राहिला. एकाही पानावर टाका पडला नाही. सोळाव्या दिवशी त्याने निलेशला सगळी पुस्तकं परत केली, दोन सोडून. एक, त्या दिवशी काखेत होतं ते. दुसरं, ज्यात त्याची ओळ आहे ते. निलेशने त्या दोन पुस्तकांबद्दल विचारलं नाही.

दादरला जाऊन त्याने मोरपंखी दोऱ्याचं रीळ आणलं. सातव्या दुकानात रंग जुळला. सुई ओवायला वेळ लागला नाही, ते हाताला माहीत होतं. शिवायला येत नव्हतं. आधी जुन्या चादरीवर शिकला. मग रोज दुपारी दोन ते चार, तिच्याच वेळेला, स्टुलावर बसून तो साडी मांडीवर घेऊ लागला. तिची शिवण संपते आणि त्याची सुरू होते ती जागा लांबूनही कळते. त्याचे टाके मोठे पडतात. निऱ्या तिथे धरणार.

हल्ली दार तो उघडंच ठेवतो. पेन्सिलची ओळ अजून खोडलेली नाही. लग्न अठरा दिवसांवर आलं आहे, आणि फॉल सव्वा हात लावायचा राहिला आहे.