लाल रंग टिकत नव्हता

स्नेहाने दिवा बंद केला, काचेची नळी पकडीतून सोडवली आणि खिडकीशी धरली. सकाळी आतला द्राव डाळिंबाच्या रसासारखा लाल होता. आता शेवाळी तपकिरी. पुन्हा तेच. हलवून काही उपयोग नव्हता, तरी तिने नळी हलवली.

रक्तात लोहाचा जो रेणू असतो, त्याच्यासारखाच एक रेणू ती हाताने बनवत होती. त्याच्यावर कार्बन मोनॉक्साइडचा इवलासा रेणू बसवायचा. उजेड पडला की तो सुटतो, अंधार झाला की परत येऊन बसतो. हे येणं-जाणं न थकता चालतं, एवढंच तिला दाखवायचं होतं. पण तो सुटला की लोह क्षणभर उघडं पडायचं आणि नळीत कुठून तरी शिरलेली हवा नेमकी तेव्हाच त्याला गाठायची. मग दोन रेणू मधोमध ऑक्सिजन घेऊन एकमेकांना असे चिकटायचे की सगळा द्राव मेल्यासारखा व्हायचा. नळ्या ती नागपूरला आपल्या पीएच.डी.च्या सरांच्या प्रयोगशाळेत भरून आणायची. पांढुर्ण्याच्या या कॉलेजात ती अतिथी विद्वान म्हणून, म्हणजे तासांच्या मानधनावर, शिकवत होती आणि तास संपले की मागच्या खोलीत नळ्यांवर दिवा लावत होती.

"पुन्हा करून पाहा," सर फोनवर म्हणाले. दर वेळी ते एवढंच म्हणत.

फोन ठेवते न ठेवते तोच आईचा आला. धाकट्या भावाला, सुमेधला, सौंसरच्या दवाखान्यात भरती केलं होतं. थंडी वाढली की त्याची सिकल, जन्मापासूनची रक्ताची बिमारी, उसळायची. हाडाहाडांत दुखायचं, पाय टेकवता यायचा नाही. स्नेहाने नळी पेटीत टाकली, पेटी पर्समध्ये कोंबली आणि बसस्टँड गाठलं. संत्र्यांच्या ट्रकांमागे बस रखडत राहिली, आणि ती पुढच्या सीटचा दांडा आवळून बसून राहिली.

वॉर्डात शिरतानाच तिला आईचा आवाज ऐकू आला. चंद्रकलाबाई सुमेधच्या शेजारच्या खाटेपाशी उभ्या होत्या. खाटेवर एक लहान मुलगी झोपली होती आणि तिची आई, बोरगावची सुचिता, मान वर करून ऐकत होती.

"हेच माही पोरगी. रक्तातलं लोह सोता बनवून राहिली ते. याच्याच बिमारीचं औषध निघनार आहे त्याच्यातून."

सुचिता उठून उभी राहिली. "ताई, कवापर्यंत निघन? माह्या पोरीलेही सिकलच आहे."

एरवी स्नेहा हसून विषय बदलायची. शेजारपाजारी, नातेवाईक, विहारातल्या बाया, सगळ्यांपुढे तिने तेच केलं होतं. आज पर्समधली पेटी खांद्याला टोचत होती.

"नाही निघनार," ती म्हणाली. "माह्या कामातून कोनतंच औषध निघत नाही. मी उजेडात रंग कसा बदलते थे पाहते, अन् थेही मले जमून नाही राहिलं. डॉक्टरनं गोळ्या देल्या ना? त्याच रोज द्या. कोनाची वाट पाहू नका."

तिचा आवाज चढला होता. वॉर्डातल्या दोन-तीन माना वळल्या. सुमेध सलाइनच्या बाटलीकडे पाहत पडून होता.

"बरं झालं सांगतलं. नाही त कोन सांगते," सुचिता म्हणाली आणि मुलीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करू लागली.

आईने स्नेहाचं मनगट धरून तिला बाहेर व्हरांड्यात आणलं.

"त्याच्यासमोर काऊन बोलली तू?"

"खरं तेच बोलली. किती वर्षं सांगत फिरशील तू लोकायले?"

"मले काय समजत नाही?" चंद्रकलाबाईंनी आवाज खाली आणला. "नागपूरले त्याले दाखवाले नेलं होतं, तवाच तिथल्या डॉक्टरीनबाईले इचारलं होतं मी. तिनं साफ सांगतलं, बाई, हे औषधाचं काम नव्हे. पन त्याले वाटते ना, माही ताई काहीतरी करून राहिली म्हनून. दुखनं उठलं की तुह्यंच नाव घेते. म्हनून बोलतो मी. त्याच्या कानावर पडावं म्हनून."

आई पदराने तोंड पुसून चहा आणायला फाटकाकडे गेली.

ती आत आली आणि खाटेच्या कडेला टेकली. सुमेधने मान न वळवता विचारलं,

"गेली का आई?"

"चहा आनाले."

"ताई, तिच्यासमोर काऊन बोलली तू?"

स्नेहाने चमकून व्हरांड्याच्या दाराकडे पाहिलं.

"मले माहीत आहे तुह्यं काम," तो म्हणाला. ओठ कोरडे पडले होते, शब्द थांबत थांबत येत होते. "बाबा तुले नागपूरले पाठवाले तयार नव्हते, आठवते? तवा मीच उठवलं थे. म्हटलं, ताई माह्या रक्तावर शिकून राहिली. मंग कोन नाही म्हननार? पन आईनं थे मनाले लावून घेतलं. आता तिले तेवढाच आधार आहे. मी पडलो की सगळ्या वॉर्डाले सांगत बसते. सांगू दे ना. तुह्यं काय जाते?"

एक कळ आली तसे त्याने डोळे मिटले. स्नेहाने त्याचा गुडघा दोन्ही हातांत धरला. कुठे दाबलं की बरं वाटतं ते तिला लहानपणापासून ठाऊक होतं. सगळ्या खोलीवर, त्या दोघांवर, स्वतःवर ओरडावं असं तिला वाटत होतं. ती नुसती गुडघा दाबत राहिली.

चंद्रकलाबाई चहा घेऊन आल्या. एक कप लेकीच्या हातात देत त्या सुमेधला म्हणाल्या, "ताई थकून आली होती रे. गुश्शात बोलली. मनावर नको घेऊ."

"मी काऊन घेईन?" सुमेध आईकडे बघून हसला. "मले माहीत आहे ना. निघनार आहे औषध."

मग दोघंही तिच्याकडे पाहू लागले. आईच्या डोळ्यांत विनवणी होती, आणि सुमेधच्या डोळ्यांतही तीच.

स्नेहाने चहाचा घोट घेतला. जीभ पोळली.

"टाइम लागन," ती म्हणाली.

आईने सुटकेचा श्वास टाकला. सुमेधनेही. एकमेकांकडे मात्र दोघांनी पाहिलं नाही.