पलंगावरचा खळगा

सोमवारी या जुन्या घराचं संग्रहालय बंद असतं. त्या दिवशी मी वरच्या खोल्या झाडते आणि खरं सांगायचं तर दुपारी घराच्या कधीच्या वारलेल्या मालकीणबाईंच्या पलंगावर ताणून देते. अकरा वर्षं झाली. खिडकीखालच्या तळ्यावरचा उजेड छतावर हलत राहतो आणि आपण झोपलोय की जागे आहोत, तेच कळेनासं होतं.

गादीत माझा चांगला खळगा पडला. आमचा गाइड म्हणजे अखंड तोंडाचा पट्टा. तो लोकांना सांगू लागला, "उन्हाळ्यात मालकीणबाई इथेच पडायच्या. त्या गेल्यापासून गादीला कुणी हात लावलेला नाही." बायका डोळे टिपायच्या. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी.

काल खाली बागेत लग्न होतं. हल्ली बाग भाड्याने देतात. त्या पाहुण्यांतली एक म्हातारी काठी टेकत वर आली. या घराची लेक. आई गेली तेव्हा पाच वर्षांची होती, त्यानंतर थेट कालच आली. गाइडने पाठ केलेलं म्हणून दाखवलं आणि तो खाली पळाला.

तिने पलंगापुढे बांधलेल्या दोरीवरून वाकून खळग्यात हात ठेवला. "बाबांच्या तसबिरी ढीगभर, आईची एकही नाही. चेहराच आठवत नाही गं मला. हे तरी राहिलं."

बोलले तर नोकरी जाणार. पण तिचा हात तिथून हलेना, आणि मला ते बघवेना.

"आजी, तो खळगा माझा आहे. मी झोपते इथे."

ती चिडली नाही. तिने खळग्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "झोप लागते?"

"लागते. स्वप्नही पडतं. एकच. एक बाई येते, माझ्या डोळ्यांवर ऊन येतं म्हणून पडदा ओढते, जाते." हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं.

"कशी दिसते?"

मी आठवून पाहिलं आणि मग म्हातारीकडे नीट पाहिलं. अंगावर काटा आला. "कपाळ मोठं. जिवणी डावीकडे जराशी वाकडी. आजी, तुमची आहे तशीच."

तिने दोरी आपल्या हाताने सोडली, पलंगावर बसली. बोटांनी ओठ चाचपले.

"आरसा आण गं," ती म्हणाली.