मग खुशाली कोण सांगत होतं?

सकाळी तिने उजव्या डोळ्याची काच डाव्या डोळ्याच्या मापाने घासली. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, पाण्याच्या धारेखाली फिरणाऱ्या चाकावर कडा घासायचं काम ती एरवी डोळे मिटून करायची. आज उघड्या डोळ्यांनी वाट लावली. मालकाने काच उजेडात धरली. "बाई, घरी जा. वडलांचं ऑपरेशन होऊ दे, मग ये. नाहीतर आज आपण अर्ध्या गावाला तिरळं करू."

ती घरी आली. घर म्हणजे एक खोली, एक कॉट आणि टेबलावरचा संगणक. बाबा दूरच्या शहरातल्या हॉस्पिटलात, थोरली बहीण त्यांच्याजवळ. येऊ नकोस म्हणून बाबांनीच बजावलं होतं, "बारकीने काम सोडून धावायचं नाही. तिथूनच प्रार्थना कर म्हणावं."

इथेच तर घोडं पेंड खात होतं. तिला प्रार्थना येईनाशी झाली होती. कुणी मेलं नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं. एके दिवशी ती हात जोडून बसली आणि तिला वाटलं, समोरून फोन केव्हाच ठेवलाय आणि आपण उगाच बोलतोय. बस्स. श्रद्धा जायला काहीतरी मोठं घडावं लागतं असं म्हणणाऱ्यांनी नळाचं पाणी जाताना बघावं. काही घडत नाही. जातं.

पण त्यांच्या घरात रविवारची खुशाली चुकवून चालत नसे. घरच्या ग्रुपवर प्रत्येकाने स्वतःच्या आवाजात तीन गोष्टी सांगायच्या. काम कसं चाललंय, तब्येत कशी आहे आणि या आठवड्यात देवाकडे काय मागितलं. पहिल्या दोन गोष्टींत सगळेच थापा मारायचे. तिसरीसाठी बाबा फोन कानाला दाबून बसायचे. जन्मभर पत्र्याच्या पेट्या ठोकून त्यांचे कान अर्धे गेले होते, तरी बारकीचं ते दोनदा ऐकायचे आणि उत्तरात एकच शब्द पाठवायचे, "ऐकलं."

त्या एका शब्दाने तिची झोप उडवली. मग तिने ते ॲप घेतलं. आपला आवाज त्याला शिकवला. चार शब्द टाकले की ते तिच्या गळ्याने असं भक्तिभावाने बोलायचं की थोरलीला भरून यायचं. 'आपल्या माणसांच्या जवळ राहा,' असं त्याच्या जाहिरातीत होतं. जवळ! हे लिहिणाऱ्याला एकदा स्वतःच्या आईपुढे उभं करून विचारावं, शेवटचं कधी बोललास रे?

खुशाली ॲप सांगायचं, तेव्हा ती संगणकावर ऑनलाइन खेळत असायची. पडद्यावर एक किल्ला आणि त्याचं दार राखणारी पाच माणसं. ही सगळ्यांच्या पुढे. मार खायचा आणि मागच्यांना वाचवायचं, म्हणून तिचं नावच ढाल. मागे जखमा भरणारी काकू, तिच्यामागे बाणवाला मास्तर. कुणी कुणाचं तोंड पाहिलं नव्हतं, पण प्रार्थना येत नाही हे जगात फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

आजही स्वस्थ बसवेना म्हणून ती खेळायला बसली होती. तेवढ्यात फोनवर थोरली उगवली, चेहऱ्यासकट.

"बारके, त्यांना आत न्यायला आलेत. तुझ्या तोंडची प्रार्थना ऐकल्याशिवाय जात नाही म्हणतात. लवकर!"

"ताई, रेकॉर्ड करून पाठवते ना."

"वेडी आहेस का? समोर बोल!"

तिने डोक्यावरचा हेडफोन काढला, तोंडासमोर लोंबणारी त्याची वायरही संगणकातून उपसली आणि ॲपमध्ये घाईने दोन शब्द टाकले. संगणकाच्या पडद्यावर प्रार्थना उमटली. फोनमध्ये बाबा आले. हिरवा अंगरखा, दात काढून ठेवलेले, गाल बसलेले. इतके लहान ते कधीच दिसले नव्हते.

"बोल गं."

ती वाचू लागली. "हे देवा, मी रोज पहाटे तुझ्यासमोर बसते..."

"ढाल! कुठे मेलीस?" संगणकातून मास्तर ओरडला. वायर उपसली की आवाज बाहेर येणारच, आणि हे तिच्याएवढं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार! "दाराशी कुणी नाहीये गं!"

"कोण आहे तिथे?" बाबांनी विचारलं. एवढं बरं ऐकू आलं त्यांना.

"खेळ आहे बाबा," ती म्हणाली. मग पडद्यावरची प्रार्थना तिला दिसेनाशी झाली. "बाबा, मला प्रार्थना येत नाही. कधीपासूनच येत नाही."

"आत्ता? हे आत्ता सांगायचं?" थोरली किंचाळली. "माणूस स्ट्रेचरवर आहे!"

बाबा म्हणाले, "मग खुशाली कोण सांगत होतं?"

"मशीन."

"तुझ्या आवाजात?"

"हो."

त्यांचा ओठ थरथरला. रडतात की चिडतात, तिला कळेना. आता यांच्या हृदयाला काही झालं तर मीच मारलं, एवढाच विचार तिच्या डोक्यात घण घालत होता.

"त्याला मी 'ऐकलं' म्हणायचो," बाबा म्हणाले. "मशीनला." मग धाप लागल्यासारखं, "आणि तू काय करायचीस तेव्हा?"

"दार राखते. सगळ्यांच्या पुढे उभी राहते. मार खाते."

"तू? झुरळाला भिणारी?"

"भीतीच वाटते बाबा. आत्ताही वाटतेय."

मागून कुणीतरी म्हणालं, चला आजोबा. चाकं हलली. बाबांनी मान उचलायचा प्रयत्न केला. "मला पटलेलं नाही हे. अजिबात नाही. आल्यावर भांडणार आहे मी. तोवर थांब तिथेच."

"थांबते."

"ऐकलं," बाबा म्हणाले. मग नुसतं छत, दिवे आणि थोरलीचा हुंदका. फोन बंद झाला.

तिने ॲपमधला स्वतःचा आवाज पुसला. दोनदा चुकीचंच बटण दाबलं गेलं.

"आत गेले?" काकूने हळूच विचारलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"गेले."

"खेळायचं का?"

"नको."

"बरं. मग नुसते बसू."

पडद्यावर किल्ला केव्हाच पडला होता. संगणकातून पलीकडच्या चौघांचे श्वास ऐकू येत होते. मास्तरच्या घरी कुकरची शिटी झाली, त्याने कुणाला तरी दटावून गप्प केलं. फोन तिच्या मांडीवर पालथा होता आणि तो सुलटा करायचा तिला धीर होत नव्हता.