जोडलेली पानं

ग्रंथपालबाईंनी पत्रांचा खंड टेबलावर ठेवला आणि त्याच्या शेजारी कागद कापायची बोथट सुरी.

"ही कशाला?" प्राध्यापकांनी विचारलं.

"लागेल, सर."

प्राध्यापकांनी खंड उघडला. छापखान्यातून आली तशी पानं कडेला जोडलेलीच होती, एकही कापलेलं नव्हतं; म्हणजे खंड आजवर कुणी वाचलाच नव्हता. प्राध्यापकांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ज्याची ही पत्रं, त्या स्वीडिश नाटककाराचं चरित्र लिहून त्यांना बावीस वर्षं झाली होती. त्यातलं सगळ्यात वाखाणलेलं प्रकरण याच पत्रांवर बेतलेलं, तळटिपांत पृष्ठक्रमांकांसकट. शहरात खंडाची ही एकच प्रत. त्यांनी मात्र सगळा मजकूर परस्पर कुणाच्या तरी लेखातून उचलला होता, आणि आज नव्या आवृत्तीसाठी संदर्भ ताडून पाहायला ऐटीत आले होते.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"तुमचं पुस्तक आलं तेव्हापासून. इतकं आवडलं, की वाटलं मूळ पत्रंही वाचावीत. खंड काढला, आणि तसाच परत ठेवला."

वर्गात तोऱ्यात प्राध्यापक या खंडाचं नाव घ्यायचे. मागायला गेलेला प्रत्येक विद्यार्थी हात हलवत परत यायचा. सांगायचा, "बाई म्हणतात, बांधणीला गेलाय." मनातून त्यांना हायसं वाटायचं, पण चारचौघांत चिडून दाखवावं लागायचं. एकदा तर त्यांनी समितीकडे लेखी तक्रार केली, की या बाईंचा कारभार ढिसाळ आहे. त्या वर्षी बाईंची बढती हुकली.

"म्हणजे बांधणीला कधी गेलाच नव्हता."

"नाही." बाई पदराने चष्मा पुसत होत्या. "पोरांचा तुमच्यावर फार जीव होता, सर."

"आणि मी तुमच्याविरुद्ध लिहून दिलं."

"ते आहे फायलीत." त्यांनी चष्मा चढवला. "शुक्रवारी मी निवृत्त होतेय. सोमवारी नवीन माणूस येईल. तो मागेल त्याला हा खंड देईल, पानं जोडलेली असली तरी."

प्राध्यापकांनी सुरी उचलून पहिल्या घडीत घातली. कड वेडीवाकडी फाटली.

बाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि सुरी त्यांच्या हातातून काढून घेतली.

"तुम्ही नुसतं धरा. मी कापते."

प्राध्यापकांनी दोन्ही हातांनी पान ताणून धरलं. शेवटचं पान सुटं होईपर्यंत त्यांना मान वर करता आली नाही.