रिव्हर्स न पडणारी व्हॅन

आमच्या नव्याकोऱ्या व्हॅनचा रिव्हर्स गिअर तिसऱ्याच महिन्यात गेला. पुढं हवी तेवढी पळते, मागं वीतभर येत नाही. भांडताना माझंही तसंच होतं म्हणा, पण माझी कुणी तीन वर्षांची वॉरंटी दिली नव्हती.

मी आणि माझी धाकटी जाऊ लाँड्री चालवतो. हॉस्पिटलच्या चादरी धुतो. तिथली मागची गल्ली पुढं बंद. गाडी आत घालायची, गाठोडी उतरवायची, मग मी स्टिअरिंगवर आणि धाकटी समोरून रेटणार. तीन आठवड्यांत तिची कंबर धरली, पण बाई तोंडातून ब्र काढेल तर शपथ! त्यात सुपरवायझरबाईंनी बजावलं, "गल्ली अडते. सोमवारपर्यंत गाडी दुरुस्त करा, नाहीतर काम दुसऱ्याला." ते काम गेलं तर लाँड्रीला कुलूपच.

व्हॅन बनवली एका कंपनीनं, स्वतःचा बिल्ला लावून विकली दुसरीनं. पुढं बनवणारी कंपनी तिसऱ्याच कुणी विकत घेतली. बिल्लेवालीचं आणि या तिसरीचं शोरूम एकाच इमारतीत, शेजारी शेजारी. डावीकडचा टायवाला मॅनेजर म्हणे, "बिल्ला आमचा, पण गिअरबॉक्स त्यांचा." उजवीकडचा मॅनेजर सेंट मारून बसलेला. तो म्हणे, "आम्ही कारखाना घेतलाय, जुनी वचनं नाही." वर दोघांनी शिक्का मारून लिहून दिलं, सदर वाहनाशी आमचा संबंध नाही. मेले!

शुक्रवारी सेंटवाल्याचे नवे मालक पाहणीला येणार, असा फलकच लागला होता. धाकटीला शेजारी बसवून मी व्हॅन सरळ दोघांच्या समाईक पोर्चमध्ये घातली. समोर काचेचं दार, दोन्ही बाजूंना कुंड्या.

टायवाला धावत आला. "बाई, गाडी मागं घ्या!"

"घेतली असती हो. तीच तर तक्रार आहे."

"साहेब अर्ध्या तासात येतायत!" सेंटवाला ओरडला. "ढकला रे ही!"

"खबरदार! गाडीशी तुमचा संबंध नाही ना? हे घ्या तुमचंच पत्र."

मग त्या दोघांचीच जुंपली. बिल्ला तुमचा, गिअरबॉक्स तुमचा! मला गंमत वाटत होती, खोटं कशाला बोलू. त्यांनी क्रेनला फोन लावला. क्रेन दीड तासानं येणार म्हणाली, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

शेवटी सेंटवाला नरमला. नवा गिअरबॉक्स, फुकट, रविवारी संध्याकाळपर्यंत, असं लिहून त्यानं शिक्का मारला. मी तो कागद दोनदा वाचला.

"आता तरी ढकलू?"

"ढकला की."

तेवढ्यात धाकटीनं तोंड उघडलं. "ताई, आज स्टिअरिंगवर मी बसते."

दोन मॅनेजर आणि दोन सेल्समन, चौघं इस्त्रीच्या शर्टांत गाडीला भिडले. गाडी तसूतसूनं सरकायला लागली. टाय खांद्यावर गेला, सेंट घामात वाहून गेला.

"इतकी जड कशी हो ही?" टायवाला धापा टाकत म्हणाला.

"रोज एकटी बाई ढकलत होती," मी म्हटलं.

मी खिडकीतून आत डोकावले. हँडब्रेक अर्धा ओढलेला!

"अगं, ब्रेक!" मी कुजबुजले.

"माहितेय," कमरेवर हात ठेवून धाकटी म्हणाली. "फाटकाशी पोचले की सोडते."